पाळी पुढे ढकलायची गोळी

माझ्या धाकट्या जावेला आमच्या घरात सगळे मासोळी म्हणतात. हे नाव सासऱ्यांनी ठेवलेलं. माझे धाकटे दीर फ्रीज आणि थंड पाण्याची मशिनं दुरुस्त करतात. एकदा पोहण्याच्या तलावावरचं मशीन बघायला म्हणून गेले आणि परत आले ते लग्नाची गोष्ट घेऊनच. ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा केस ओले, डोळे लाल, पायात रबरी चपला आणि अंगाला तलावात टाकतात त्या औषधाचा वास. सासरे खूश होऊन म्हणाले, "अरे, तुझ्या गळाला तर मासोळी लागली!" सासूबाई मात्र तिच्या खांद्यांकडे बघत राहिल्या. नंतर ओट्यापाशी मला हळूच म्हणाल्या, "पोरगी मनाने बरी दिसते. पण खांदे बघितलेस का? हमालाला लाजवतील."

खांदे होतेच तसे. ती तलावावर पोहायला शिकवते. सकाळी बायकांचा वर्ग, दुपारी शाळेच्या मुली. गळ्यातली शिट्टी वाजवून तिने हात वर केला की मुली जागच्या जागी थांबतात. मी एकदा बघायला गेले होते. निळ्या फरश्या, मधूनमधून एखादी उडालेली, पाण्यावर ताणलेल्या लाल-पांढऱ्या दोऱ्या, भिंतीशी रचून ठेवलेल्या फोमच्या फळ्या, आणि छताखाली असा आवाज घुमतो की दोन बायका बोलल्या तर दहा भांडताहेत असं वाटावं. ती छातीभर पाण्यात उभी होती. समोर बँकेत काम करणारी एक बाई, चाळिशीच्या पुढची, कठड्याला घट्ट धरून. मासोळीने नुसता तळहात पुढे केला.

"हनुवटी इथे ठेवा. बाकीचं पाणी बघून घेईल."

"आणि पाण्याने नाही बघितलं तर?"

"तर मी आहे की. फुकट पगार घेते का?"

बाईंनी डोळे मिटून हनुवटी ठेवली, आणि थोड्या वेळाने त्या खरंच तरंगत होत्या. त्यांचा चेहरा मी अजून विसरले नाही.

आता ज्याबद्दल सांगायचं ते सांगते. तलावावर येणाऱ्या बायकांना महिन्याचे काही दिवस पाण्याबाहेर बसावं लागायचं. कुणाचं पोट दुखायचं, कुणी त्या दिवसांत यायचीच नाही. मासोळीचं तसं नव्हतं. तिची पाळी वर्षातून दोनदा, फार तर तीनदा यायची. बायका म्हणायच्या, "बाई, तुमचं नशीब हो!" आणि ती हसून म्हणायची, "देवाने माझी नोकरी बघूनच मला घडवलंय." शिकवायला लागल्यापासून तिने त्या कारणासाठी एक दिवस रजा घेतली नव्हती, आणि याचा तिला अभिमान होता.

तिच्या हनुवटीवर राठ केस यायचे. खिडकीत आरसा टेकवून ती चिमट्याने उपटत बसायची आणि मला ओरडून सांगायची, "ताई, चहा ठेवा, मी दाढी करून आलेच!" एवढं पोहूनही तिचं वजन कमी व्हायचं नाही. लग्नाआधी एका डॉक्टरांनी सांगितलं होतं की अंडाशयात गाठी आहेत, लग्न झालं की आपोआप सुरळीत होईल. लग्न झालं. सुरळीत काही झालं नाही, पण दुखत-खुपत नव्हतं, मग विचारणार कोण? मूल तिला हवं होतं. पण म्हणायची, "एवढा स्पर्धांचा मोसम संपू दे." मोसम संपायचा आणि दुसरा यायचा. सासूबाई एक-दोनदा बोलल्या, "पाण्यात राहून राहून हिच्या अंगात गारठा शिरलाय." त्यावर दीर म्हणाले, "आई, गारठ्याची मशिनं मी दुरुस्त करतो. हिच्यात तसं काही नाही."

मग एकदा बऱ्याच महिन्यांनी तिची पाळी आली ती जायचं नावच घेईना. आधी नुसते डाग. एक दिवस थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग एका दुपारी तलावावरून तिचा फोन आला, "ताई, माझी गडद सलवार घेऊन या. आणि कुणाला सांगू नका." मी गेले तर ती कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसलेली, कंबरेला मोठा टॉवेल गुंडाळून, चेहरा पिठासारखा. मला बघून हसायचा प्रयत्न केला. "आजवरची सगळी थकबाकी एकदम वसूल होतेय वाटतं," म्हणाली. मी तिला रिक्षात घातलं आणि थेट डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

या डॉक्टरीणबाई वयाने आमच्याएवढ्याच. कमी बोलतात, पण प्रश्न नेमका विचारतात. त्यांनी सोनोग्राफी केली आणि म्हणाल्या, "गर्भाशयाचं आतलं अस्तर फार जाड झालंय. थोडा नमुना काढून तपासायला पाठवते." नमुना काढला, रक्तस्राव आटोक्यात आणला. अहवाल आला त्या दिवशी दीरही बरोबर होते, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन.

"कॅन्सर नाही," त्यांनी आधी तेवढं सांगून टाकलं. "पण अस्तराची वाढ बेसुमार झालीय. अशीच सोडली तर काही वर्षांनी ती त्या वाटेला जाऊ शकते. औषधाने बहुतेक वेळा पूर्ववत होतं. काही महिने गोळ्या घ्या, मग पुन्हा नमुना बघू."

"आणि नाही झालं पूर्ववत तर?" दीरांनी विचारलं.

"तर औषध बदलून बघू. तरीही नाही ऐकलं, तर पिशवी काढण्याचा विचार करावा लागेल."

मासोळीने मान खाली घातली. परत येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "ताई, पिशवी काढली तर मग मोसम संपला काय आणि न संपला काय." तिच्या तोंडून मुलाबद्दल इतकं सरळ मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत बसले. दुसरं काय करणार?

त्यानंतरचे महिने बरे गेले. रक्तस्राव थांबलेला होता, ती कामावर जात होती. "गोळ्या घेतेस ना?" विचारलं की "हो हो" म्हणायची. सासूबाईंनी तिच्यासाठी खजूर आणून ठेवले, वर म्हणाल्या, "तलाव सोड म्हटलं तर सोडणार नाहीस. निदान हे तरी खा."

आणि मग एक दिवस बाजारात मला त्या बँकेतल्या बाई भेटल्या. आता त्या चांगल्या पोहायला लागल्या होत्या, प्रौढ बायकांच्या स्पर्धेतही उतरल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "तुमच्या जाऊबाईंचे उपकार झाले हो! नेमकी स्पर्धेच्या दिवशी माझी तारीख येत होती. त्यांनी आपल्याकडच्या गोळ्या दिल्या म्हणून निभावलं."

"कुठल्या गोळ्या?"

"अहो, पाळी पुढे ढकलायच्या. अख्खं पाकीट दिलं. म्हणाल्या, माझ्याकडे नुसतं पडून आहे."

माझ्या हातातली भाजीची पिशवी एकदम जड झाली. तिच्याकडे पडून असलेलं पाकीट एकच होतं. मी तशीच तलावावर गेले. दुपारच्या मुली अजून आल्या नव्हत्या. ती काठावर बसून फळ्या धूत होती.

"डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या तू बँकवाल्या बाईंना दिल्यास?"

तिने फळी खाली ठेवली. "कुणाला सांगू नका म्हटलं होतं मी त्यांना."

"अगं, पण का?"

"ताई, तुम्ही रागावू नका, पण डॉक्टरीणबाईंचा काहीतरी घोळ झालाय. ती गोळी मी ओळखते ना! आम्ही पोहायला लागलो तेव्हापासून स्पर्धेच्या आधी मोठ्या मुली तीच घ्यायच्या. पाळी थांबवायची गोळी आहे ती. आणि माझा आजार काय, तर आत साठलंय आणि बाहेर येत नाहीये. आधीच तुंबलेलं, त्यात वर बूच मारायचं? मला एवढंही कळत नाही का? मग म्हटलं, वाया कशाला घालवा, त्यांना उपयोगी पडेल."

खरं सांगते, तिचं बोलणं ऐकून मलाही क्षणभर पटलं. थांबवायची गोळी घेऊन तुंबलेलं कसं निघेल? पण मी म्हटलं, "हे तू त्यांना तोंडावर विचार. चल."

"आता?"

"आता. मुलींना सांग, आज शिट्टी नाही."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. आधी त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "दुसऱ्याला स्वतःची गोळी द्यायची नाही, कधीच नाही. त्या बाईंचं वय काय, त्यांना रक्ताच्या गुठळीचा त्रास आहे का, काही विचारलंत?" मासोळीने नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "पण तुमचा प्रश्न बरोबर आहे. असं वाटून गोळी न घेणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. चूक माझीही आहे, मी समजावून सांगायला हवं होतं. नीट ऐका."

त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते. शरीरात दोन हार्मोन असतात. एक अस्तर वाढवतं, ते इस्ट्रोजेन. दुसरं प्रोजेस्टेरॉन. ते वाढ थांबवतं आणि वाढलेलं अस्तर पक्कं करतं. हे दुसरं मुख्यतः तयार होतं ते अंडाशयातून बीज सुटल्यावर. गर्भ राहिला नाही की ते कमी होतं आणि अस्तर एकदम, नीट गळून पडतं. तीच पाळी.

"तुमच्या अंडाशयात ज्यांना ते आधीचे डॉक्टर गाठी म्हणाले ना, त्या गाठी नाहीत. अर्धवट वाढून अडकलेली बीजं आहेत. अंगात इन्सुलिन जास्त झालं की अंडाशय पुरुषी हार्मोन जास्त करतात. हनुवटीवरचे केस त्यातलेच. त्या गोंधळात बीज पूर्ण वाढून सुटत नाही. बीज सुटत नाही म्हणून दुसरं हार्मोन येत नाही. पहिलं मात्र रोज आपलं थोडं थोडं अस्तर वाढवतच राहतं, महिनोन्महिने. त्याला थांब म्हणणारं कुणी नाही. मग एक दिवस ते आपल्याच भाराने इथून तिथून तुटायला लागतं."

मासोळीने टेबलावर बोटाने एक चौकोन काढला. मग म्हणाली, "म्हणजे मुली पाण्यात उड्या मारताहेत आणि शिट्टीवाली बाईच आलेली नाही."

"म्हणजे?"

"तलाव भरत चाललाय. कुणी थांबवत नाही, आणखी येताहेत, आणखी येताहेत. मग जागा उरत नाही आणि एकेक धक्काबुक्की करत, कुठूनही बाहेर पडते. शिट्टी वाजली असती तर सगळ्या जागच्या जागी उभ्या राहिल्या असत्या, आणि मी हात खाली केला की ओळीने बाहेर."

डॉक्टरीणबाई मान डोलावत होत्या. "तुमचा हात वर आहे तोवर?"

"तोवर कुणी हलत नाही." मग तिचे डोळे मोठे झाले. "म्हणून स्पर्धेच्या आधी पाळी थांबते! गोळी चालू, म्हणजे हात वर. गोळी बंद केली की..."

"दोन-चार दिवसांत पाळी येते. तीच गोळी थांबवते आणि तीच आणते. आणि मुख्य म्हणजे ती चालू असताना अस्तर आणखी वाढत नाही."

"आणि मी ती गोळी वाटून टाकली," मासोळी म्हणाली. ती हसत होती, पण डोळ्यांत पाणी होतं. "ताई, मला कुणीतरी तलावात ढकला."

मधले महिने फुकट गेले होते. डॉक्टरीणबाईंनी ते लपवलं नाही. पुन्हा सोनोग्राफी केली, अस्तर अजून जाडच होतं. त्यांनी हेही सांगितलं की पिशवीच्या आत बसवायचं, हेच हार्मोन थोडं थोडं सोडणारं एक साधन असतं आणि ते जास्त खात्रीचं. पण मासोळी म्हणाली, "आत काही बसवायची मला भीती वाटते. गोळी द्या. या वेळी एकही कुणाला देणार नाही." बरोबर इन्सुलिन ताळ्यावर आणायची एक गोळीही दिली, आणि खाण्यातलं गोड कमी करायला सांगितलं.

घरी येऊन तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. सासरे वर्तमानपत्र घेऊन बाहेर ओसरीवर जाऊन बसले. दीर रागावतील असं मला वाटलं होतं. ते उठले, पाण्याचा पेला आणि गोळी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "घे माझ्यासमोर. गिऱ्हाइकावर माझा आता विश्वास नाही." सासूबाईंनी खजुराचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. "गोड बंद म्हणालीय ना डॉक्टरीण? मग मी खाईन."

ठरलेले दिवस गोळी घेऊन पहिल्यांदा थांबवल्यावर पाळी आली ती इतकी जोराची की सासूबाई घाबरल्या. "हे औषध आहे की संकट?" म्हणायला लागल्या. मासोळी पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून पडली होती. "आई, शिट्टी वाजलीय," ती म्हणाली, "सगळ्या बाहेर पडताहेत. पडू द्या." सासूबाईंना काही कळलं नाही, पण त्या तिचे पाय चेपत बसल्या. पुढच्या वेळी त्रास कमी झाला, त्याच्या पुढच्या वेळी आणखी कमी. त्या दिवसांत ती आता काठावरून शिकवते. बँकवाल्या बाई पाण्यातून ओरडतात, "बाई, हनुवटी कुठे ठेवू?" आणि ती वरून सांगते, "आता तुमच्याच मानेवर!" त्यांना तिने सगळं खरं सांगितलं आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय यापुढे एकही गोळी घेऊ नका म्हणून बजावलं. त्यांना काही अपाय झाला नाही, ही देवाची कृपा.

दुसरा नमुना काढायचा दिवस आला. पाण्यात कुणाला न घाबरणारी बाई, पण दवाखान्याच्या बाकावर तिचे हात बर्फासारखे झाले होते. मी ते माझ्या हातात घेऊन बसले. समोरच्या भिंतीवर बाळाला पाजणाऱ्या आईचं चित्र होतं. ती त्याच्याकडे पाठ करून बसली.

"ताई, नसेल झालं बरं तर?"

"तर पुढचं बघू. शरीर देवाने दिलं, आणि ते दुरुस्त करायची अक्कलही माणसाला त्यानेच दिली."

"मला मात्र थोडी उशिरा दिली," ती म्हणाली.

अहवालाच्या दिवशी दीर काम अर्धवट टाकून आले. हाताला काळं लागलेलं तसंच. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, पुन्हा वरपासून वाचला. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "अस्तर साधं झालंय. बेसुमार वाढीचं काही दिसत नाही."

"मग पिशवी..." दीर खुर्चीच्या कडेला सरकले.

"काढायची कशाला? चांगली आहे की." मग त्या मासोळीकडे वळल्या. "पण हे कायमचं मिटलं असं समजू नका. बीज आपणहून सुटत नाही तोवर अस्तराकडे लक्ष ठेवावंच लागणार. गोळी किंवा दुसरं काहीतरी चालू ठेवावं लागेल. मूल हवं असेल तर वाट वेगळी. मग बीज सुटायचं औषध देता येतं. हवंय का?"

मला वाटलं, आता ती मोसमाचं काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "हवंय."

दीरांनी काळ्या हातानेच डोळे पुसले, त्यामुळे गालावर ग्रीसचा पट्टा उमटला. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यापुढे कागदी रुमाल सरकवला. "खात्री मी देत नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमच्यासारख्या पुष्कळजणींचं या औषधाने जमतं. आता हे शेवटचं पाकीट संपवा. नंतर पाळी आली की लगेच मला कळवा. त्या दिवसांपासूनच औषध सुरू करायचं असतं."

मग आमच्या घरात एक गंमतच सुरू झाली. ज्या गोष्टीचं नाव या घरात कधी मोठ्याने घेतलं जात नव्हतं, तिची सगळे वाट बघायला लागले. गोळी संपली त्या दिवसापासून ती तलावावरून आली की सासूबाई दारातच विचारायच्या, "काय गं?" ती मान हलवायची. सासरे वर्तमानपत्राआडून खोकायचे. दीर चेष्टेने म्हणाले, "पोस्टमनची एवढी वाट कुणी बघत नाही." आणि सासूबाईंनी त्यांना दटावलं, "गप रे, तुला काय कळतंय त्यातलं?" यावर दीर म्हणाले, "आता सगळं कळतं. इस्ट्रोजेनपासून विचार."

परवा दुपारी मी कणीक मळत होते. फोन वाजला. पलीकडून मुलींचा गलका, पाण्याचा आवाज, आणि त्या सगळ्याच्या वरून तिचा खणखणीत आवाज.

"ताई, आली! डॉक्टरीणबाईंची वेळ घ्या."

"उद्याची घेऊ की परवाची?"

"उद्याची घ्या. आता काही पुढे ढकलायचं नाही."

पीठ लागलेल्या हातानेच मी दवाखान्याचा नंबर लावला. सासूबाई आतून विचारत होत्या, "कोण गं? काय म्हणते?" मी सांगितलं. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि मग बाहेर बसलेल्या सासऱ्यांना सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडून सांगितलं, "अहो, ऐकलंत का? आली बरं का मासोळीची!"